सातवी टीप

१

माझे ब्लाउज कुणीतरी आतून घट्ट करतंय, हे मी सहा आठवडे घरात सांगत होते, गल्लीत सांगत होते. एकानंही खरं मानलं नाही. आमचे मालक बसवंतराव पेपरातून डोकंसुद्धा न काढता म्हणाले, "महानंदा, तू जाड झालीस." शेजारची कस्तुराबाई तर पदर तोंडाला लावून हसली. "अक्का, स्वल्प भात कमी करा. ब्लाउजला कशाला बोल लावता?" हिचा स्वतःचा ब्लाउज मी दर वर्षी दोन बोटं सैल करून देते, ते बरं विसरली.

मी टेलरीण आहे. बेंगळुरात चामराजपेटेत आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही निपाणीला, पण टेप मला वाचता येतो आणि टेप कुणाची भीड ठेवत नाही. छाती अडतीस, कंबर चौतीस. दहा वर्षं तेवढीच आहे. पहिल्यांदा ब्लाउज आवळला त्या सोमवारीही तेवढीच भरली. मग ब्लाउज का आवळतो?

मी तो काढला आणि उलटा केला. दोन्ही बाजूंना, माझ्या मूळ शिलाईच्या आत तांदळाएवढ्या अंतरावर एक नवी टीप होती. काखेपासून कमरेपर्यंत सरळ. ब्लाउज जांभळा आणि टिपेचा दोरा पांढरा. जांभळ्या कापडावर पांढरा दोरा शिकाऊ पोरगीसुद्धा मारत नाही.

मालकांना दाखवलं. "तूच मारली असशील," म्हणाले, "विसरली असशील."

मी काही विसरत नाही. माझं दुखणंच ते आहे.

२

घरात माणसं तीन. मी, मालक आणि नीला. नीला माझ्या धाकट्या जावेची मुलगी, एकोणीस वर्षांची. मला दोड्डम्मा म्हणते. इकडे थोरल्या काकूला तसंच म्हणतात. मला मूलबाळ नाही. तिचा बाप, म्हणजे माझा दीर बाळ, यशवंतपूरच्या मालधक्क्यावर गोण्यांखाली सापडून गेला, तेव्हा ती चार वर्षांची होती. सात वर्षांची झाली आणि आई गेली. आई म्हणजे सुनंदा. तेव्हापासून नीला माझी. तिची वेणी मी घातली, तिच्या तापात मी जागले. हे लिहून ठेवते, कारण लोक हे विसरतात.

दुकानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दाराजवळ भिंतीत एक खिळा आहे. माझ्या सासऱ्यांनी ठोकलेला. दुकानात एखादा नग बिघडला, कात्री चुकली, माप चुकलं, तर तो लपवायचा नाही. ज्यानं बिघडवला त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं, नगाला टाचायचं आणि तो या खिळ्याला लावायचा. गिऱ्हाईक येईल, बघेल, बोलेल ते ऐकून घ्यायचं. सासरे वारले तरी रीत चालू राहिली. मालकांचं नाव त्या खिळ्यावर कितीदा लागलं. नीला शिकत होती तेव्हा तिचं लागलं, आणि रडत रडत तिनं ते लिहिलं.

माझं कधी लागलं नाही. पेटेत कुणालाही विचारा.

३

नीलाचं लग्न ठरलं, तेही माझ्या मनाविरुद्ध. मुलगा तिच्या मामाचा, अभिजीत. मामा म्हणजे सुनंदाचा भाऊ विश्वासराव. निपाणीला त्यांची वखार आहे. इकडे मामाच्या मुलाला मुलगी देणं नवीन नाही, पण मी म्हटलं, बेंगळुरात काय मुलं मेली? इथं दे, चार गल्ल्या सोडून दे. नीला म्हणाली, "दोड्डम्मा, मला तिकडंच जायचंय." एवढंच बोलली. ती कमी बोलते. आईवर गेली आहे.

साखरपुड्याला तिला आईची साडी नेसायची होती. म्हणून तिनं माळ्यावरची ट्रंक काढली आणि त्यातून साडीबरोबर आईचा एक ब्लाउजही काढून आणला. पांढऱ्या पॉपलीनचा. सुनंदा विधवा झाल्यापासून पांढराच घालायची.

"माझा ब्लाउज ह्या मापावर शिव," नीला म्हणाली. "मला आईचं माप होतं का बघू."

आमच्याकडे गिऱ्हाईक जुना ब्लाउज मापाला देतं, त्यात नवीन काही नाही. मी हात पुढं केला. पण नीलानं तो आधी उलटा केला. मीच शिकवलंय तिला, मापाचा ब्लाउज आला की आधी आतून बघायचा.

"अगं, ह्यात एवढ्या टिपा का? एक, दोन, तीन..." ती बोटानं मोजत गेली. "सात. एकाच्या आत एक. आणि आतलं मायेचं कापड कापलेलं नाही, तसंच ठेवलंय."

"आजारी होती," मी म्हटलं. "अंग उतरलं की करावंच लागतं. सैल ब्लाउज घालून बसवू का तिला?"

"सात वेळा?"

"कात्री दे इकडे. ऊन उतरायच्या आत कापायला हवं."

ती गेली. त्या दुपारी मी दार लावलं आणि ब्लेडच्या पात्यानं त्या सातही टिपा उसवल्या. पांढरा दोरा हातात गोळा झाला, सुपारीएवढा. तो चुलीत टाकला. ब्लाउज घडी घालून ठेवला. सोमवार होता. सोमवारी दुकान बंद असतं.

पुढच्या सोमवारी माझ्या जांभळ्या ब्लाउजात पहिली टीप आली.

४

दुसरी दुसऱ्या सोमवारी. नुसत्या जांभळ्यात नाही, दोरीवरच्या, पेटीतल्या, सगळ्या ब्लाउजांत. मी उसवली. तिसऱ्या सोमवारी उसवलेल्याही परत आल्या आणि एक नवी. बाराही ब्लाउज पेटीत घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला. चौथ्या सोमवारी पेटी उघडली तर चार-चार टिपा. चिकपेटेतून रेडिमेड ब्लाउज आणला, दुसऱ्याच्या हातचा. घडी मोडली नाही. तोही त्यांच्यासारखाच झाला.

मी नीलाला धरलं. दुसरं कोण असणार? घरात मशीन चालवणारे तिघंच, आणि मालकांना सरळ टीप कधी जमली नाही.

"मला छळतेस? कशासाठी? लग्नाला नको म्हटलं म्हणून?"

"दोड्डम्मा, मी काय केलं?"

"किल्ली कुठून घेतलीस ते सांग आधी."

तिनं माझ्याकडे बघितलं. रडली नाही. "आईला पण असंच विचारायचीस का गं तू?" म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

पाचव्या आठवड्यात ती मामाकडे निपाणीला गेली. साड्या घ्यायच्या होत्या, पंधरा दिवस तिकडंच राहणार होती. मला बरं वाटलं, हो, बरंच वाटलं. आता कळेल म्हटलं. रविवारी रात्रीच्या गाडीला तिला मी स्वतः बसवलं.

सोमवारी पाचवी आली.

तेव्हा मी ब्लाउज खिडकीशी नेला आणि टीप पहिल्यांदा नीट बघितली. इतके दिवस रागात बघत होते. टेलराला दुसऱ्याचा हात ओळखता येतो, अक्षर ओळखावं तसा. ही टीप शेवटाला जरा डावीकडे झुकत होती. आणि संपताना दोन टाके मागं घेतलेले होते. आमच्या पेटेत संपताना तीन टाके मागं घेतात. दोन घेणारी एकच बाई आहे.

मी स्वतःचे हात बघितले. उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग आहे, अर्ध्या चंद्रासारखा. हात माझेच होते. ते रात्रंदिवस माझ्याजवळच होते.

५

आता सुनंदाचं सांगते. कारण नसताना लोक काहीही जोडतील, त्यापेक्षा मीच सांगते.

तिला अन्न टिकत नव्हतं. चार घास गेले की उलटी. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, हिला भरती करा आणि हिच्या माणसांना बोलवा. डॉक्टर लोक घाबरवतातच. मी घरी येऊन सांगितलं, पित्त आहे. पित्तच म्हणाले असं सांगितलं. तिच्या मनाला धीर यावा म्हणून.

ती म्हणायची, "अक्का, दादाला पत्र टाकलंत का?" तिला लिहिता येत नव्हतं, सगळी पत्रं मीच लिहायची. मी लिहिलं, सर्व क्षेम आहे. पत्रात वाईट कोण लिहितं? आणि विश्वासरावांनी आधीच बोलून ठेवलं होतं. बाळ गेला तेव्हाच, याच खोलीत उभं राहून. "बहीण अशक्त दिसली की त्या दिवशी दोघींना निपाणीला नेईन. नंतर पुन्हा पाठवणार नाही."

दोघींना, म्हणाले.

नीला तेव्हा माझ्याच कुशीत झोपायची. एक पाय माझ्या पोटावर टाकून.

बाईचं अंग उतरलं की चेहऱ्याच्या आधी ब्लाउज सांगतो. खांदा घसरतो, बाही उघडी पडते, काखेत पोकळी दिसते. बघणाऱ्याला कळत नाही आपल्याला काय दिसलं, पण तो म्हणतो, अरे, ही वाळली. तेच कापड अंगाला चपखल बसलं की कुणी काही म्हणत नाही. हे शिंप्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून मी दर सोमवारी, दुकान बंद असताना, एक-एक टीप आत घेत होते. ती समोर स्टुलावर बसायची, उघड्या खांद्यांवर पदर घेऊन. तिला सांगायची, बघ, तुझं तुला बरोबर होतंय, म्हणजे तू आहेस तशीच आहेस. ती मान हलवायची. माझ्यावर तिचा विश्वास होता.

सातव्या सोमवारी विश्वासराव आले. अचानक, पत्र न टाकता. मी टीप संपवून ब्लाउज तिच्या अंगात चढवायला आणि ते दारात यायला एकच गाठ पडली. ते खुर्चीत बसले. तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "अंगानं बरी आहे की."

सुनंदा म्हणाली, "दादा, मला..."

मी म्हटलं, "तिला दमवू नका. चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला आणि रात्रीच्या गाडीनं गेले.

गुरुवारी सुनंदा गेली. मी शेवटपर्यंत तिचं केलं. गू-मूत काढलं. कुठली जाऊ करते?

६

सहाव्या सोमवारी मालक बाहेर गेले होते. जेवण उरकून मी मधल्या खोलीत पडले होते. श्वास पुरा येत नव्हता. फासळ्या वर यायच्या आणि तिथंच अडायच्या. दुपारची लाईट गेलेली. पंखा थांबला की घर किती आवाज करतं ते कळतं. नळ, पाल, वरच्या मजल्यावरची खलबत्त्याची ठोक.

मग मशीन सुरू झाली.

आमची मशीन पायाची आहे, लाईट लागत नाही. पण ती नीट चालत नव्हती. चाक पुढं जाई, अडखळे, मागं फिरे. पाय मारायचा सराव नसलेलं माणूस मारतं तशी. सुनंदाला मशीन येत नव्हती. हूक लावणं, काठ दुमडणं, एवढंच हातानं करायची. एकदा हौसेनं बसली होती तर चाक असंच उलटं गेलं होतं आणि आम्ही दोघी हसलो होतो. खरंच हसलो होतो.

मी उठले. मधल्या दाराला पडदा आहे, तो जमिनीपर्यंत पोचत नाही. आधी खालून पाय दिसला. मशीनच्या पायट्यावर एकच पाऊल. काडीसारखा घोटा. दुसऱ्या बोटावर जोडवं काढल्याची फिकट खूण.

मी पडदा बोटभर सरकवला. सगळं बघितलं नाही. चेहरा बघितला नाही, बघायचा नव्हता. सुईपाशी जेवढं दिसलं तेवढंच बघितलं. माझा जांभळा ब्लाउज होता आणि त्याला पुढं सरकवणारे दोन हात. ते हात काडीसारखे नव्हते. चांगले भरलेले, बोटं आखूड, सवयीचे. शेवटाला कापड जरा डावीकडे ओढलं त्यांनी. आणि उजव्या मनगटावर अर्ध्या चंद्राचा डाग.

मी माझे हात पदराखालून काढून डोळ्यांसमोर धरले. ते होते. दोन्ही होते. पण बोटं हलवून बघायचा धीर मला झाला नाही.

७

सातव्या सोमवारी सकाळी नीला आणि विश्वासराव निपाणीहून आले. गुरुवारी साखरपुडा होता. गुरुवारीच का, हा मुहूर्त कुणी काढला, मी कुणाला विचारलं नाही.

विश्वासरावांचे केस पिकलेत. त्याच खुर्चीत बसले. मालकांनी चहा आणायला सांगितलं आणि मला उठता आलं नाही, म्हणून मालकच आत गेले.

"अक्का, तब्येत बरी नाही का?" विश्वासराव म्हणाले. मग माझ्याकडे वरून खाली बघितलं. "तशा अंगानं बऱ्या दिसता."

तेवढ्यात नीला तो पांढरा ब्लाउज घेऊन आली. तो अजून माझ्याच कपाटात होता. तिचा नवा मी कापलाच नव्हता. ती खिडकीत उभी राहिली आणि ब्लाउज उजेडात धरला.

दोरा जाळला तरी सुईची भोकं जात नाहीत. पॉपलीनवर तर नाहीच. मला हे ठाऊक होतं, तरी मी उसवलं. उजेड त्या भोकांतून आला आणि नीलाच्या गालावर सात बारीक ओळी पडल्या.

"मामा, इकडे बघा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, आई शेवटी अंगानं बरी दिसत होती?"

विश्वासराव उठले. चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून सातव्यापर्यंत बोट नेलं आणि मग ते बोट तिथंच राहिलं. वखारीचा माणूस, कापडातलं त्याला कळत नाही. पण दोन ओळींमधलं अंतर कुणालाही कळतं.

"मी ब्लाउज बघून परत गेलो," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझी बहीण समोर बसली होती आणि मी ब्लाउज बघून परत गेलो."

"दोड्डम्मा," नीला म्हणाली, "हे उसवलं कुणी?"

"मी. जुनं झालं होतं."

"आणि मारलं कुणी?"

मी बोलू लागले. डॉक्टरनं धड समजावलं नाही म्हटलं. मालकांना त्या महिन्यात दुकानाबाहेर काही दिसत नव्हतं म्हटलं. विश्वासराव, तुम्ही चहा कशाला घेतलात, हात धरून बघायचा होता बहिणीचा, म्हटलं. सुनंदानं तरी तोंड उघडायचं होतं, मेली गप्प बसली, म्हटलं. आणि नीला, तूच रोज मला विचारायचीस, आपण इथंच राहायचं ना दोड्डम्मा, तूच विचारायचीस, म्हटलं.

बोलता बोलता आवाज आला. टक, टक, टक.

मशीनवर कव्हर होतं. चाक हलत नव्हतं. आवाज माझ्या डाव्या काखेखालून येत होता. सावकाश खाली सरकत होता. प्रत्येक टाक्याला फासळी आत जात होती.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"काय?" मालक चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. "काय ऐकू यायचंय?"

नीलाच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, तिलाही काही ऐकू येत नव्हतं. ती माझ्याजवळ येऊन बसली. मारेल असं वाटलं. तिनं तो पांढरा ब्लाउज माझ्या मांडीवर ठेवला. वर एक टाचणी ठेवली आणि चिठ्ठीचा कागद.

"नग बिघडला की आपल्या घरात काय करतात?" ती म्हणाली. अगदी हळू, मी तिला लहानपणी विचारायची तसं.

आवाज कमरेच्या वर तीन बोटांवर आला होता. मला माहीत होतं, हे लिहिलं की नीला बॅग उचलेल. गुरुवारचं सगळं निपाणीला होईल आणि मला बोलावणं येणार नाही. लिहिलं नाही तर टीप पुरी होईल. पुढं किती दिवस असतात, ते मी एकदा मोजलेत. पण खरं सांगू? त्या वेळी मी यातलं काही तोलत बसले नव्हते. मी दाराजवळच्या खिळ्याकडे बघत होते. पेन्सिल मी उचलल्याचं मला आठवत नाही. खाली बघितलं तेव्हा हात लिहीत होता. मनगटावर डाग होता. तो माझाच हात होता, आणि मी त्याला थांबवलं नाही.

टाचणी नीलानं टाचली. खिळ्याला मीच लावला. माझं अक्षर चौथीतल्या मुलीसारखं मोठं आहे, रस्त्यावरूनसुद्धा वाचता येतं. टक टक थांबली होती. दोन टाके मागं घ्यायचे तेवढे राहिले असतील.

कस्तुराबाई दारावरून चालली होती. थांबली, डोळे बारीक केले आणि ते नाव मोठ्यानं वाचलं.

महानंदा.